चिंचेनं घासलेला तांब्या

जांबोटीची सकाळची गाडी बेळगावच्या सीबीटी बसस्टँडला लागते तेव्हा उतरणाऱ्यांच्या हातात काय नसतं! फणस असतो, पाय बांधलेली कोंबडी असते, पावसाळ्यात अळंबी असतात. माझ्या मावसबहिणीच्या, म्हणजे अक्काच्या हातात त्या दिवशी साडीच्या दुकानाची जाड कापडी पिशवी होती आणि आत पाच लिटरचा पांढरा कॅन. वाटेत कंडक्टरनं विचारलं होतं, "ताक काय ओ बाई?" अक्का "व्हय" म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. कॅनमध्ये तिच्या थोरल्याची चोवीस तासांची लघवी होती.

२०११ चा डिसेंबर होता. मी तेव्हा बेळगावातल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होते. लॅब बदलली, काम आजही तेच आहे. इतक्या वर्षांत एक गोष्ट काही बदललेली नाही. रक्त काढताना माणसं सुईकडे टक लावून बघतात, नळी भरली की "एवढं कशाला ओ?" म्हणून भांडतात. लघवीची बाटली मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी बांधून, दुसरीकडे बघत काउंटरवर सरकवतात. वास्तुशांतीला गाईचं मूत्र तळहातावर घेऊन पिणारी हीच माणसं. माणसाचं म्हटलं की आवाज खाली जातो. आमच्या काउंटरवर कन्नड बोलणारे उच्चे म्हणतात, आम्ही लघवी म्हणतो, आणि छापील फॉर्मवर दोघांच्याही भाषेत एकच शब्द: मूत्र. पाट्यांवरून एवढं रामायण झालेल्या या गावात निदान या एका शब्दावर कोणाचा वाद नाही.

थोरला तेव्हा आठवीत होता. आधी अक्षर गेलं. वळणदार लिहिणारा पोरगा कोंबडीच्या पायासारखं लिहायला लागला, म्हणून मास्तरांनी दोनदा छडी दिली. मग हात कापायला लागला. ताटातली आमटी तोंडापर्यंत जाईपर्यंत निम्मी सदऱ्यावर. मग लाळ. जीभ जड होऊन बोलणं इतकं घोळायला लागलं की अक्का सोडून कोणाला कळेना. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन आले. कोणी लागीर झालंय म्हणालं, कोणी वयात येताना होतं म्हणालं. शहरातल्या एका डॉक्टरांनी मनाचा आजार म्हणून वर्षभर झोपेच्या गोळ्या दिल्या. दोन वर्षं अशी गेली, आणि त्या दोन वर्षांचा राग मला अजून येतो. त्या डॉक्टरांचा तर येतोच, त्याहून जास्त माझा येतो. मी दर दिवाळीला त्या पोराला बघत होते.

शेवटी सापडलं ते डोळ्याच्या तपासणीत. चष्मा लागला असेल म्हणून नेला, तर डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बघितलं आणि त्या गप्प झाल्या. बुबुळाच्या कडेला तपकिरी हिरवट कडं होतं. कायझर-फ्लायशर कडं. तांबं साठल्याची खूण. त्यांनी चिठ्ठीवर दोन तपासण्या लिहून दिल्या, एक रक्ताची आणि एक चोवीस तासांच्या लघवीतल्या तांब्याची.

विल्सनचा आजार. आपण धान्यातून, डाळीतून, शेंगदाण्यातून रोज थोडं तांबं खातो. लागेल तेवढं ठेवून उरलेलं यकृत पित्तातून बाहेर टाकतं. या टाकण्याच्या कामाचा जीन बिघडलेला असला की तांबं यकृतात साठत जातं. तिथं मावेनासं झालं की रक्तात सांडतं, मेंदूत जातं, डोळ्यात जातं, आणि थोडं लघवीत उतरतं. निरोगी माणसाच्या दिवसभराच्या लघवीत चाळीस-पन्नास मायक्रोग्रॅमच्या आत तांबं असतं. शंभरच्या वर गेलं की संशय पक्का. शंभर मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग. एवढंसं मोजायचं म्हणून आम्ही तो कॅन आधी ॲसिडनं धुतला होता, मग डिस्टिल्ड वॉटरनं तीनदा खळबळून वाळवला होता. माझ्या हातानं.

अक्काला मी फोनवर सगळं सांगितलं होतं. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची, सगळी कॅनमध्ये. एकही चुकवायची नाही. सूचनांचा कागद कन्नड आणि इंग्रजीत होता, म्हणून तिनं माझं बोलणं मराठीत वहीच्या पानावर उतरवून घेतलं. सॅम्पल पुढं मोठ्या शहरात गेलं. आठवड्यानं रिपोर्ट आला आणि आकडा होता दोन हजारांच्या वर.

मी खुर्चीत बसले. इतका आकडा मी कधी बघितला नव्हता. विल्सन असला तरी काही तरी बसत नव्हतं. संध्याकाळी फोन केला, तो अक्काच्या सासूनं, आत्तींनी उचलला.

"आत्ती, लघवी कशात धरलासा?"

"कॅनात की. तूच दिल्यालीस नव्हं?"

"थेट कॅनात?"

"थेट कशी जाईल ग? तोंड बारकं त्येचं, आन् पोराचा हात कापतोय. तांब्यात धरली आणि वतली."

"कसला तांब्या?"

"तांब्याचा. घाण नव्हता बाई, चिंचेनं घासून लख्ख केल्याला."

भाषेनंच वस्तूला धातूचं नाव दिलंय आणि माझ्या डोक्यात तो धातू आला नाही. प्रत्येक वेळी चिंचेनं घासलेला तांब्या, त्यात लघवी, मग कॅनमध्ये. चिंचेच्या आंबटात काय विरघळतं हे शाळेतलं पोरही सांगेल. कॅन ॲसिडनं धुणारी मी, आणि न्हाणीत कापऱ्या हाताच्या नातवासमोर तांब्या धरून उभी असलेली आज्जी. आमच्या दोघींच्या मधे वहीचं एक पान होतं आणि त्यावर भांड्याबद्दल एक ओळ नव्हती. त्या दिवसापासून मी रुग्णाला आधी विचारते, "घरी कशात धरणार?" मग बाकीचं सांगते. दुसऱ्यांदा प्लास्टिकचा मग दिला. आकडा तीनशे चाळीस आला. आजार होताच.

आत्ती महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं, मी त्यांच्या भांड्याला नावं ठेवली.

लघवीतल्या तांब्याची ही गोष्ट मुळात सापडली तीही चुकूनच. लंडनमधले डॉक्टर किनियर विल्सन यांनी १९१२ साली हा आजार वर्णन करून ठेवला, मेंदूचं काय होतं आणि यकृताचं काय होतं ते नीट लिहिलं, पण कारण तांबं आहे हे काही त्यांना ठाऊक नव्हतं. १९४८ साली मँडलब्रोट नावाचे डॉक्टर वेगळ्याच आजारात, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, लघवीतलं तांबं मोजत होते. तुलनेसाठी दुसरा कोणी तरी रुग्ण हवा म्हणून विल्सनचा एक रुग्ण घेतला, आणि तांबं सापडलं ते त्या तुलनेच्या माणसात. औषधाचीही तीच कथा. जॉन वॉल्शे या डॉक्टरांना पेनिसिलीन घेणाऱ्या यकृताच्या रुग्णाच्या लघवीत पेनिसिलॅमाइन नावाचा पदार्थ दिसला होता. त्याची रचना बघून, हा तांबं पकडून बाहेर काढेल असं त्यांच्या लक्षात आलं, आणि १९५६ साली त्यांनी ते विल्सनच्या रुग्णांना दिलं. जो आजार तोवर मरणाच्याच वाटेनं जायचा त्याला पहिलं तोंडानं घ्यायचं औषध मिळालं. खूण लघवीत, औषधाचा मागही लघवीत. आमच्या धंद्यातल्या माणसाला याचा थोडा गर्व वाटला तर कोणी हसू नये.

त्याहून जुनी एक नोंद मला जास्त लागते, कारण ती आमच्या घरातली वाटते. आर्चिबॉल्ड गॅरड यांनी १९०२ साली अल्कॅप्टोन्युरियावर लिहिलं. या मुलांची लघवी हवेत राहिली की काळी पडते, दुपट्यांवर डाग पडतात. आजार मेंदूचा नाही, पण गॅरड यांनी एक गोष्ट हेरली: अशा बऱ्याच मुलांचे आईबाप एकमेकांची सख्खी चुलत-मामे-आते भावंडं होती. अक्काचा नवरा तिचा आतेभाऊ. तिच्या वडिलांच्या बहिणीचा मुलगा. आमच्याकडं ही सोयरीक हक्काची मानतात. कानडी शेजाऱ्यांत सख्ख्या मामाला भाची देतात, तेही आम्हाला नवल नाही. आतेमामे भावंडांचे जीन आठात एक सारखे असतात, मामा-भाचीचे चारात एक. प्रत्येक जीनच्या आपल्याकडं दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची, आणि दोन्ही बिघडल्या तरच हा आजार होतो. एकाच आज्ज्याकडून आलेली बिघडलेली प्रत दोघांकडं असली, की प्रत्येक लेकराला चारात एक वेळा दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतात. अर्थात हा आजार नात्याबाहेरच्या लग्नातही होतो. आत्ती म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं काय न्हवतं." अक्काच्या आईनंही तेच म्हटलं. घराणं एकच असल्यामुळे दोष टाकायला दुसरं घर नव्हतं.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून थोरल्याला बेंगळुरूला निम्हान्समध्ये, मेंदूच्या आणि मनाच्या आजारांच्या मोठ्या इस्पितळात, नेलं. तीन दशकांत तपासलेल्या २८२ विल्सन रुग्णांची हकिकत तिथल्या डॉक्टरांनी २००७ साली छापली होती. मी तो लेख नंतर वाचला. वाचताना अक्षर बिघडलेली, शाळेतून काढलेली, देवऋषी करून थकलेली किती पोरं डोळ्यांपुढून गेली. पेनिसिलॅमाइन सुरू झालं, उपाशीपोटी घ्यायचं. पहिले दोन महिने पोरगा आणखी बिघडला. या औषधानं काहींना सुरुवातीला असं होतं, आणि नेमकं तेव्हाच घरची माणसं औषध फेकून देतात. अक्कानं फेकलं नाही, एवढंच म्हणते.

आणि लघवीतला आकडा वाढला. अक्का रडत आली. तिला समजावायला मला वेळ लागला की औषधाआधी हा आकडा मोठा असणं वाईट होतं आणि आता मोठा असणं चांगलं आहे, कारण तांबं बाहेर पडतंय. आकडा तोच असला तरी आधी विचारायचं, पोरगा औषधावर आहे का. खूण आणि खुणेचा अर्थ या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे मी पुस्तकात वाचलं होतं. मला कळलं ते त्या दिवशी अक्काचे डोळे पुसताना.

म्हणूनच हल्ली मेंदू झिजवणाऱ्या दुर्मिळ आनुवंशिक आजारांची खूण लघवीत शोधण्याचं जे काम जगभर चालू आहे, त्याच्याकडे मी बारीक नजरेनं बघते. मेंदूतलं लघवीत कसं दिसणार, असं पहिल्यांदा कोणालाही वाटतं. पण बिघडलेला जीन फक्त मेंदूत नसतो, तो अंगातल्या प्रत्येक पेशीत असतो. प्रत्येक पेशीत मोडकंतोडकं गिळून पचवणारे बारीक कप्पे असतात, लायसोसोम. सॅनफिलिपो आजारात हेपरान सल्फेट नावाची साखरेची लांब साखळी तोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, नसतं. त्या मुलांचं बोलणं-चालणं दोन-चार वर्षांचं होऊन मग ओसरायला लागतं, रात्री झोप नसते, आणि लघवीत ती न तुटलेली साखळी जात राहते. मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफीत सल्फॅटाइड नावाची चरबी जाते. पार्किन्सनच्या एका आनुवंशिक प्रकारात, एलआरआरके-२ हा जीन बदललेल्या माणसांच्या लघवीत, बीएमपी नावाची लायसोसोममधली चरबी वाढलेली सापडते, आणि त्या जीनवरचं प्रायोगिक औषध दिलं की ती कमी होते. म्हणजे मेंदू न उघडता, पाठीत सुई न घालता, औषध ठिकाणावर पोचल्याचा निरोप बाटलीत येतो. मूत्रपिंडाच्या पेशीही त्याच बिघाडात अडकलेल्या असतात, त्याच हे बाहेर टाकतात.

पण यात खड्डे आहेत, आणि ते बाहेरच्या माणसाला दिसत नाहीत. कोणी तांब्याभर पाणी पिऊन आलं की लघवी पातळ, सगळं कमी दिसतं. म्हणून एकावेळच्या सॅम्पलमध्ये प्रत्येक आकड्याला क्रिएटिनिननं भागतात. क्रिएटिनिन येतं स्नायूंतून, आणि एकाच माणसाचं रोज साधारण तेवढंच लघवीत जातं. आता ज्या लेकराचे स्नायूच सुकत चाललेत त्याचं क्रिएटिनिन कमी येणार, भागाकार फुगणार, आणि आजार वाढला असं वाटणार. साखळ्यांचं प्रमाण तर निरोगी मुलांतही वयाप्रमाणे उतरतं. वर्षाच्या पोराशी दहा वर्षांच्या पोराची तुलना केली की सगळं फसलं. त्यातून आजार इतके दुर्मिळ, की वीस-तीस रुग्ण गोळा करायला चार देश पालथे घालावे लागतात. आणि सगळ्यात खोल खड्डा हा: शिरेतून विकर दिलं की यकृत सुधारतं, लघवीतली साखळी घटते, रिपोर्ट छान येतो. विकर मात्र मेंदूत शिरत नाही. लघवी यकृताची आणि मूत्रपिंडाची खरी खबर देत असते, आणि आपण तीच मेंदूची खबर समजून खूश होतो. लेकरू तिकडं विसरत चाललेलं.

तरीही मला लघवीचाच पक्ष घ्यावासा वाटतो. नॉर्वेत १९३४ साली एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन दारोदार फिरत होती, मुलांच्या अंगाला वेगळाच वास येतो म्हणून सांगत होती. आस्ब्योर्न फोलिंग या डॉक्टरांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं आणि रंग हिरवा झाला. त्यातून फिनाइलकिटोन्युरिया सापडला. बाकीच्यांनी त्या आईला वेड्यात काढलं होतं. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १९७० च्या दशकापासून आईबाप तीन आठवड्यांच्या बाळाची लघवी गाळणकागदावर घेतात, वाळवतात आणि पोस्टानं पाठवून देतात. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा कणकुंबी आठवली. मलप्रभेचा उगम तिथं, आणि आषाढात तिकडं गाडी वेळेवर पोचली तर नशीब. तिथल्या बाईनं कापरं पोर काखेला मारून एमआरआयसाठी कुठं कुठं जायचं? वाळलेला कागद मात्र पाकिटात घालून जाऊ शकतो. त्याला बसायला जागा लागत नाही आणि कंडक्टरला खोटं सांगावं लागत नाही.

थोरल्याचं निदान झालं तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती. धडधाकट, लंगडीत सगळ्यांना बाद करणारी. निम्हान्सच्या डॉक्टरांनी तिची तपासणी सांगितली आणि घरात पहिल्यांदा खरं भांडण झालं. "चांगल्या पोरीला कशाला टोचतासा?" चारात एक, मी एवढंच म्हणत राहिले. तिच्यातही निघाला. लक्षण एक नाही, पण रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबं वाहणारं प्रथिन, कमी, लघवीतलं तांबं शंभराच्या जरा खाली, आणि जीनच्या तपासणीत थोरल्याचाच दोष. तिला जस्ताच्या गोळ्या सुरू झाल्या. जस्त आतड्यातच तांब्याला अडवतं.

थोरला आज औषधाच्या जिवावर बरा आहे. बोलणं थोडं घोळतं, हात थकल्यावर कापतो, गावात झेरॉक्सचं दुकान चालवतो. अक्षर काही परत आलं नाही. धाकटीचं अक्षर सुंदर आहे. दोघांच्या मधे फरक काय, तर चार वर्षांचं अंतर आणि एक कॅन.

तीच धाकटी धारवाडला कॉलेजला गेली आणि वसतिगृहात एकटी राहायला लागली. दुसऱ्या वर्षी वार्षिक तपासणीला कॅन घेऊन आली. जस्तावर असलेल्या माणसाच्या लघवीत तांबं दिवसाला ७५ मायक्रोग्रॅमच्या खाली हवं. हिचं वर. लघवीतलं जस्त दिवसाला दोन मिलिग्रॅमच्याही खाली. मी तिला लॅबच्या मागच्या खोलीत बसवलं.

"गोळ्या कधीपासून बंद हाईत?"

ती आधी भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, जेवणाआधी तासभर गोळी, दिवसातनं तीनदा. सगळ्या पोरी विचारतात, कशाची गोळी? काय सांगू?"

मला उत्तर सुचलं नाही. तिला रागवायला म्हणून बसवलं होतं, आणि मला तो कंडक्टर आठवला. मी कुंदा मागवला. दोघींनी खाल्ला. पुढच्या वर्षी आकडा खाली होता.

आता ती चोवीस वर्षांची आहे. आपला कॅन आपणच धुते, वर मार्करनं वेळ लिहिते, आणि आत्तींना चिडवते, "आज्जी, तांब्या देऊ काय?" आत्तींनी घरातली तांब्याची भांडी कधीच मोडीत दिली. एक बिंदगी तेवढी ठेवलीय, लग्नात आलेली म्हणून. ती माळ्यावर असते.

गेल्या महिन्यात धाकटी लॅबमध्ये आली. एक मुलगा आहे, नात्यातला नाही, चिकोडीकडचा. घरच्यांना अजून कळलेलं नाही. इकडतिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "मावशी, त्येच्यात पण ही बिघडलेली प्रत असेल तर? एकच असली तरी? त्येची लघवी तपासून कळेल?"

"न्हाई," मी म्हटलं. "एक प्रत बिघडलेली असली तर लघवी गप्प असते. त्यासाठी रक्तातनं जीन बघावा लागतो."

"मग त्येला रक्त द्यायला लावायला पायजे."

"त्येच्याआधी त्येला सांगायला पायजे."

"सांगितलंय की," ती म्हणाली. "त्यो विचारत होता, कॅन पाच लिटरचा का लागतो म्हणून."